फेरफार

महाप्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागं,
दुसऱ्या मजल्यावर मी माणसं सुटी करते.
म्हणजे तीन सीसी रक्त. बहात्तर तास, सदतीस अंश,
आणि पेशी दुभंगणार तेवढ्यात
कोल्चिसिनचा थेंब : थांब.
मग काचेवर पसरतात गुणसूत्रं, शेहेचाळीस,
सुकत घातलेल्या करंदीसारखी, वाकडी.
मी त्यांच्या जोड्या लावते,
लांबीवरून, कमरेच्या जागेवरून, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून.

क्रमांक आता शेजाऱ्यांसारखे झालेत.
अकराव्यात थॅलेसेमिया राहतो,
माझ्या भिंगाला तो कधीच दार उघडत नाही.
एक्सवर हिमोफिलिया; आई तो सांभाळते,
मुलगा भोगतो.
एकविसाव्याच्या जोडीत तिसरं दिसलं
की मी उठून पाणी पिते
आणि पुन्हा मोजते.

घरी आप्पांकडं प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारे आहेत,
आजाच्या नावाचे,
घणसोलीच्या खाजणाचे, जिथं आता सेक्टर आहे.
साडेबारा टक्क्यांसाठी बेलापूरला जाऊन जाऊन
त्यांना पाठ झालंय कुठल्या टेबलावरचा पंखा वाजतो.
वारस, हिस्सा, बांध, फेरफार :
हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले.

रविनाचे तीन गेले.
आठव्या आठवड्यात, नवव्या,
आणि एक अकराव्या, त्याचं नाव ठरलं होतं
पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.
आत्या म्हणाली, हिच्या माहेरीच काहीतरी.
आईनं पपई घरात बंद केली.
माझा भाऊ हरेश्वर गप्प बसायचा,
कबड्डीत चढाई करणारा माणूस,
घरात मात्र मधली रेघ ओलांडेना.

नमुन्यावर नाव नसतं.
पण तो आकडा मीच चिकटवला होता.
रात्री साडेअकराला, विसाव्या पेशीपाशी खात्री झाली.
सातव्याच्या टोकाचा तुकडा बाराव्यावर,
बाराव्याचा सातव्यावर.
सात. बारा.
मला हसू आलं. वॉचमन झोपला होता.
मग नाही आलं.

बांध सरकलाय, एवढंच.
एक गुंठाही कमी नाही, क्षेत्र तंतोतंत जुळतं,
म्हणून तर हरेश्वर धडधाकट.
पण वाटणीला बसलं
की एखाद्या लेकराच्या हिश्श्याला एक तुकडा जास्तीचा येतो,
दुसरा येतच नाही,
आणि ते उतारा न घेताच परत जातं.

रविनाचा दोष नव्हता.
हे लिहायला अहवालात रकाना नाही.
आणि अहवाल डॉक्टरांनीच द्यायचा असतो.
चार दिवस मी तिच्या हातचं जेवले
आणि मीठ बरोबर आहे म्हणाले.

पाचव्या दिवशी सगळ्यांना कळलं.
समुपदेशक बाईंनी आशा सांगितली, टक्केही सांगितले.
साडेबारा म्हणाल्या नाहीत, नशीब.
आत्या त्या आठवड्यात आलीच नाही.
आईनं रविनाची साडी विनाकारण दोनदा धुतली.

आता आप्पांचं रक्त हवं होतं, कुठून आलंय ते बघायला.
त्यांनी आपणहून बाही वर केली.
"माज्या बापाचाच आसंल त्यो," ते म्हणाले,
"येवरी येक वस्तू सिडकोला नाय नेता आली."
सुई आत गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.
बराच वेळ गेला.
मग विचारलं, यावर हरकत कुठं नोंदवायची?
मी कापूस दाबून धरला.
दाबून ठेवा, म्हटलं, पाच मिनिटं.

रात्री घरी आले तर
रविना ओट्यापाशी उभी,
सुरीनं पपई कापत होती, मोठी, पिकलेली.
बिया तिनं टाकल्या नाहीत.
एका वाटीत काढल्या, पाणी घातलं,
आणि मोजायला लागली.